कमी धक्क्याची शॉटगन : खांदा दुखरा आहे, फेझंट आणि ससे मारायचे आहेत. कोणती बरी?

धंतोलीचे_काका
मंडळी, प्रश्न थोडा वेगळा आहे. मुलगी-जावई अमेरिकेत आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्सजवळ राहतात. या वर्षी दिवाळीनंतर आम्ही दोघं तिकडे जाणार आहोत. जावईबापूंच्या ऑफिसातली मंडळी दर हिवाळ्यात फेझंट (कोंबड्यासारखं रानपाखरू) आणि सशांच्या शिकारीला जातात. त्यांनी जावयालाही ओढलंय, आणि जावयाने मला. "बाबा, तुम्हीच सांगा कोणती बंदूक घेऊ, म्हणजे तुम्ही आलात की तुम्हालाही वापरता येईल," असं म्हणतो.

अडचण अशी की मागच्या साली माझ्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. वय ६३. घरी वडिलांची जुनी इंग्लिश दुनळी आहे, १२ बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप), लायसन्स माझ्या नावावर. तिच्या एका बाराने खांदा रात्रभर ठणकतो, हे तरुणपणी अनुभवलंय. जावईही किरकोळ अंगाचा, साडेपाच फूट. दुकानदाराने त्याला "४१० बोअर घ्या, धक्काच नाही" असं सांगितलंय. घ्यावी का?

गोरेवाडा_पक्षी
काका, प्रश्न आयोवाचा आहे हे वाचलं, पण धागा नागपूरकरांचा आहे आणि इथे कोणीही येऊन वाचतो, म्हणून आधीच लिहून ठेवतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. तितर, लावा, ससा, काहीही. छर्ऱ्याची एअरगन असली तरी तेच. फुटाळा तलावाकडे पोट्टे एअरगन घेऊन हरियलच्या मागे फिरताना पाहिलेत मी. हरियल आपला राज्यपक्षी आहे, आणि पकडले गेले तर पोट्ट्यांसोबत बापालाही ठाण्यात बसावं लागतं. बाकी तिकडच्या शिकारीबद्दल माझं मत विचारू नका, चालू द्या.

धंतोलीचे_काका
अगदी मान्य. इथली दुनळी फक्त दसऱ्याला पूजेला बाहेर निघते आणि निवडणूक आली की ठाण्यात जमा होते. तिचा दुसरा प्रवास नाही.

मेकॅनिकल_मास्तर
काका, ४१० वर उडी मारायच्या आधी थोडं गणित पाहू. पोरांना संवेगाचा नियम शिकवतो, त्यामुळे हात शिवशिवतात.

पुढे जे जातं त्याचं वजन गुणिले वेग, तेवढाच संवेग मागे बंदुकीला मिळतो. पुढे जाणाऱ्यात छर्रे, वॅड (दारू आणि छर्ऱ्यांमधलं बूच) आणि दारूचा वायू हे तिन्ही आले. बंदूक जड असेल तर ती मागे हळू येते, आणि खांद्याला जी ऊर्जा सोसावी लागते ती वेगाच्या वर्गाने बदलते. म्हणजे बोअरचा आकडा या गणितात कुठे येतच नाही. काडतुसात किती ग्रॅम छर्रे, त्यांचा वेग किती आणि बंदूक किती किलोची, एवढंच.

छर्ऱ्यांचा वेग सगळीकडे सेकंदाला ३६५ मीटर धरून ढोबळ हिशोब केलाय:

१२ बोअर, ३.४ किलो, ३२ ग्रॅमचं काडतूस : साधारण २६ ज्यूल
२० बोअर, २.७ किलो, २४ ग्रॅम : १९ ज्यूल
१२ बोअर, तीच ३.४ किलोची, पण २४ ग्रॅमचं हलकं काडतूस : १६ ज्यूल
२८ बोअर, २.७ किलो, २१ ग्रॅम : १४ ज्यूल
४१०, अडीच किलो, १४ ग्रॅम : ७ ज्यूल

दुसरी आणि तिसरी ओळ पुन्हा वाचा. तेवढेच छर्रे, पण जड १२ बोअरमधून कमी धक्का, आणि हातात पिसासारखी वाटणाऱ्या २० बोअरमधून जास्त. दुकानात बंदूक उचलून "वा, किती हलकी" म्हणणारा माणूस खांद्याला दुखणं विकत घेतो.

तुमच्या वडिलांची बंदूक २.९ किलोच्या आसपास असणार, जुन्या इंग्लिश शिकारी दुनळ्या तशाच असतात. तिच्यात ३२ ग्रॅम भरलं तर ३० ज्यूलच्या वर जातं. रात्रभर ठणकणारच.

तर्री_पोहा
मास्तर, तुमच्याच आकड्यात ४१० चा धक्का सगळ्यात कमी दिसून राहिला. मग दुकानदार बरोबर ना बे?

नेमबाज_ताई
धक्क्यापुरता बरोबर, पाखरापुरता चूक. मी ट्रॅप (हवेत उडवलेल्या ताटल्या शॉटगनने फोडायचा खेळ) खेळते, सरावाला भोपाळच्या रेंजवर जाते, म्हणून थोडं सांगते.

पाखरू छर्ऱ्यांच्या संख्येने पडतं. अमेरिकन ६ नंबरचे छर्रे एका औंसात म्हणजे २८ ग्रॅममध्ये २२५ बसतात. ४१० च्या लहान काडतुसात अर्धा औंस, म्हणजे ११० च्या आसपास. ते अरुंद नळीतून एकामागे एक लांबलचक रांगेत निघतात, छर्ऱ्यांचा झुबका नीट पसरत नाही, मध्ये भोकं पडतात. फेझंट हा मोठा कोंबडा आहे, गवतातून उठतो तो भर्रकन आणि लांब शेपूट घेऊन. नवशिक्या त्या शेपटीवरच नेम धरतो आणि पाखरू मागच्या अंगाला चार छर्रे खाऊन गवतात पळतं. जखमी पाखरू शोधत बसण्यासारखं वाईट काही नाही. ४१० ही मुरलेल्या हाताची बंदूक आहे. झाडावरच्या खारीला, बसलेल्या सशाला ठीक. उडत्या फेझंटला पहिल्याच हंगामात नको.

२८ बोअर गोड असते. लाव्यासाठी तिकडे तिच्यावर जीव टाकणारे लोक आहेत. पण तिची काडतुसं महाग, आणि प्रत्येक दुकानात मिळतीलच असं नाही. सराव कमी झाला की नेमही गेला. दोघा सासरे-जावयांसाठी मी २० बोअर किंवा हलक्या काडतुसाची १२ बोअर म्हणेन. ऑलिंपिकच्या ट्रॅप-स्कीटला १२ बोअरमध्ये २४ ग्रॅमचीच मर्यादा आहे आणि तेवढ्यात जगातले लोक ताटल्या फोडतात. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ ला अथेन्समध्ये डबल ट्रॅपचं रौप्य आणलं तेही १२ बोअरनेच.

काटोलचा_संत्रा
आमच्या आज्याजवळ बी होती दुनळी. थे म्हणे का बंदूक लाथ मारते थे धरणाऱ्याच्या चुकीनं. काका, तुमाले एक इचारतो, दस्ता खांद्याच्या खळग्यात बसते का दंडावर येते?

नेमबाज_ताई
संत्राभाऊंनी नेमका प्रश्न विचारला. अर्धं दुखणं दस्त्याच्या मापात असतं. दुकानातली बंदूक सरासरी अमेरिकन पुरुषाच्या मापाची असते, घोड्यापासून दस्त्याच्या टोकापर्यंत १४ ते साडेचौदा इंच. साडेपाच फुटी माणसाला, आणि वर आयोवाच्या थंडीतला जाड कोट घातला की, ती लांब पडते. मग तो दस्ता खळग्यात न बसता बाहेर दंडाच्या हाडावर टेकतो, आणि गाल लाकडावर न टेकता वर तरंगतो. बार उडाला की दस्ता वर उसळून गालफडावर बसतो. खांदा आणि गाल दोन्ही निळे. त्याला लोक "बंदूक लई मारते" म्हणतात.

जावयाने कोट घालूनच दुकानात जावं. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी, मग डोळे उघडावेत. नळीवरची पट्टी सरळ डोळ्यासमोर दिसली आणि माशी मधोमध आली तर माप बरोबर. मान ताणावी लागली किंवा नळीचा मागचा भागच दिसला तर दस्ता बदलून घ्या. तिकडे १३ इंची दस्त्याच्या, स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बंदुका मिळतात. जावईबापूंनी नावाला लाजू नये. पुष्कळ मॉडेलमध्ये दस्त्यामागे घालायच्या चकत्या येतात, त्या काढून-घालून पाव-अर्धा इंच फरक करता येतो. शेवटी जाड मऊ रबरी पॅड. जुन्या इंग्लिश बंदुकांना मागे कडक पट्टी किंवा नुसतं खाचा पाडलेलं लाकूड असतं, काकांचं अर्धं दुखणं तिथलं.

धंतोलीचे_काका
ताई, आताच कपाट उघडून पाहिलं. नुसतं लाकूडच आहे, त्यावर बारीक चौकडी कोरलेली. आणि एक गोष्ट दिसली. नळीच्या खाली, बंदूक मधून उघडल्यावर, बरेच शिक्के आहेत आणि त्यात "२½" असं कोरलंय. हे काय?

सीपी_बेरार
काका, ते बघितलं हे फार चांगलं केलंत. ते काडतुसाच्या घराची लांबी आहे, अडीच इंच म्हणजे ६५ मिलिमीटर. आज बाजारात मिळणारी बहुतेक काडतुसं ७० मिलिमीटरची. ती तुमच्या बंदुकीत घालताना बसल्यासारखी वाटतात, कारण तोंड दुमडलेलं असतं. बार उडाला की ते तोंड उघडून पुढच्या अरुंद भागात शिरतं, छर्ऱ्यांना वाट कमी पडते आणि दाब वाढतो. धक्का तर वाढतोच, नळीचंही बरं नसतं. तुमचा खांदा ठणकायचं हेही एक कारण असू शकतं. नळीवर नागमोडी नक्षीसारख्या रेषा असतील, तर ती दमास्कस पद्धतीची, लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली असेल. मग ती पूजेपुरतीच ठेवा.

जुन्या सीपी अँड बेरारच्या (मध्य प्रांत-वऱ्हाडच्या) काळात नागपूर-भंडारा-चांद्याच्या घराघरांत अशा बंदुका होत्या. शिकारीचे ब्लॉक (जंगलाचे ठरवून दिलेले भाग) मिळायचे, परवाने निघायचे. आता त्या बंदुका शोकेसमध्ये आणि त्यांचे किस्से लग्नाच्या पंगतीत.

तर्री_पोहा
आणि प्रत्येक किश्श्यात वाघ एक फूट वाढतो 😄

एक_फिजिओ
काका, ऑपरेशन स्नायूची शिवण होती की सांधा बदलला? दोन्हीत फरक आहे. ज्या सर्जनने केलं त्यांना सरळ विचारा, "बंदुकीचा धक्का चालेल का?" लाजू नका, आम्हाला याहून विचित्र प्रश्न विचारतात लोक. त्यांनी नाही म्हटलं तर डाव्या खांद्याने शिका. पण त्याआधी कोणता डोळा प्रबळ आहे ते पाहा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी खिडकी करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबचं घड्याळ त्यात धरा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो प्रबळ.

धंतोलीचे_काका
शिवण होती. डोळा उजवा. सोमवारी डॉक्टरांना फोन करतो.

वर्धारोडवाला
आता मुद्द्यावर या ना राजेहो, बंदूक कोणती? मी चार वर्षं टेक्सासला होतो, डव्ह (होले) आणि लाव्याला जायचो. माझं मत : गॅसवर चालणारी ऑटोमॅटिक (एका दाबाला एकच बार, पुढचं काडतूस आपोआप भरणारी), २० बोअर. रेमिंग्टन ११०० पाहा. १९६३ पासूनचं मॉडेल, धक्का मऊ म्हणून नाव कमावलेलं, जुनी चांगल्या अवस्थेतली मिळते. बेरेटाच्या गॅसवाल्याही छान.

तिकडे बेनेली कोणी दाखवली, तर ती अप्रतिम बंदूक आहे, पण ती गॅसवर चालत नाही. ती धक्क्याच्याच जोरावर चालते आणि वजनाला हलकी असते. मॉन्टेफेल्ट्रो २० बोअर अडीच किलोच्या आसपास. दिवसभर खांद्यावर टाकून चालायला मस्त, दुखऱ्या खांद्याला नाही.

मेकॅनिकल_मास्तर
गॅसचं कारण सांगतो. नळीला छोटी भोकं असतात, तिथून थोडा वायू खाली सिलिंडरमध्ये येऊन पिस्टनला मागे ढकलतो, तोच रिकामं काडतूस फेकतो आणि नवीन भरतो. एकूण संवेग तेवढाच राहतो, संवेगाचा नियम कोणी मोडत नाही. फक्त तो खांद्यावर थोड्या जास्त वेळात पसरून येतो. कॅच घेताना आपण हात मागे ओढतो ना, तसं. ठोसा लागायच्या ऐवजी ढकलल्यासारखं वाटतं.

नळीला भोकं पाडून देतो, आतून रुंद करून देतो, धक्का अर्धा होईल, असं सांगणारे तिकडे भेटतील. त्यावर पैसे घालवू नका. नळी उसळणं थोडं कमी होईल, आवाज मात्र शेजाऱ्याच्या कानात जाईल.

नेमबाज_ताई
ऑटोमॅटिकला माझा विरोध नाही, पण नवशिक्या जावयाबरोबर शेतात चालायचं तर मी दुनळीच म्हणेन. वर-खाली नळ्यांची. मधून उघडून खांद्यावर टाकली की दहा जणांना लांबूनही दिसतं की ती उघडी आहे, रिकामी आहे. ऑटोमॅटिकमध्ये आत काय आहे ते धरणाऱ्यालाच माहीत.

वर्धारोडवाला
ताई, पण दुनळी धक्का सगळा खांद्यावर देते, आणि प्रश्नच खांद्याचा आहे. कुंपण ओलांडताना, ओढा उतरताना काडतुसं काढून बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) उघडा ठेवा. हे शिकवायला किती वेळ लागतो?

नेमबाज_ताई
शिकवायला पाच मिनिटं, अंगवळणी पडायला अख्खा हंगाम. पण खांद्याचा मुद्दा मान्य. ११०० चालेल. फक्त पहिला हंगाम एका वेळी एकच काडतूस भरा.

सीपी_बेरार
एक गोष्ट कोणी लिहिली नाही, ती जीवावरची आहे. घरात किंवा गाडीत १२ आणि २० बोअर दोन्ही असतील, आणि जावयाच्या मित्रांकडे १२ असणारच, तर काडतुसं कधीही एका खिशात ठेवू नका. २० चं काडतूस १२ च्या नळीत टाकलं तर ते काडतुसाच्या घरात न थांबता घसरत पुढे जाऊन नळीत अडकतं. मागून पाहिलं तर घर रिकामं दिसतं. माणूस म्हणतो, अरे भरलंच नाही वाटतं, आणि वरून १२ चं भरतो. घोडा दाबला की नळी डाव्या हाताजवळ फुटते. याच कारणाने २० बोअरची काडतुसं पिवळी करतात. पिवळं दिसलं की वेगळ्या डब्यात. शिकारीवरून आलं की जाकिटाचे सगळे खिसे उलटे करून पाहायचे.

काटोलचा_संत्रा
बाप्पा. हे तं मलेबी माहीत नव्हतं.

नेमबाज_ताई
धक्क्याची भीती मनात बसली की ती मोजायची एक युक्ती आहे. आमच्या कोच सराव घेताना बार करणाऱ्याला न सांगता मधूनच नकली काडतूस भरतात. घोडा दाबला, बार नाही, पण नळीचं तोंड चांगलं वीतभर खाली जातं आणि डोळे मिटलेले असतात. सगळ्यांसमोर दिसतं. मोठमोठ्या तगड्या माणसांची नळी अशी बुडताना पाहिलीय. अशा वेळी बंदूक बदलण्याआधी काडतूस हलकं करतात आणि कानावर दुप्पट संरक्षण चढवतात, आत फोमचे बोळे आणि वरून कर्णकवच. शॉटगनचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. दचकणं जितकं खांद्यामुळे तितकंच कानामुळे असतं. काका, कान वाचवा, या वयात गेलेले परत येत नाहीत.

वर्धारोडवाला
छर्रे : फेझंटला ५ किंवा ६ नंबर, सशाला ६, लाव्याला साडेसात किंवा ८. चोक (नळीच्या तोंडाचा आवळपणा) फार आवळू नका, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर (सैल) किंवा मॉडिफाइड (मध्यम). आयोवात काही सरकारी शिकार-क्षेत्रांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, तिथे स्टीलचे लागतात. स्टील हलकं असतं, म्हणून नंबर दोनने कमी, म्हणजे मोठे छर्रे घ्यायचे. आणि काका, फेझंटमध्ये फक्त नर मारायचा, दिवसाला माणशी तीन. मादी तपकिरी असते, ती उठली की बंदूक खाली.

धंतोलीचे_काका
आणि माझ्या व्हिसावर मला बंदूक धरता येईल का? पर्यटक व्हिसा आहे.

वर्धारोडवाला
सर्वसाधारण उत्तर नाही असं आहे. पण त्या देशातल्या एखाद्या राज्याचं वैध शिकार-लायसन्स तुमच्या नावावर असेल तर त्यांच्या केंद्रीय कायद्यात अपवाद आहे. म्हणून आधी आयोवाचं परराज्यातल्यांसाठीचं लायसन्स काढा, ते खिशात असल्याशिवाय सरावालाही बंदुकीला हात लावू नका. बंदूक जावयाच्याच नावावर राहू द्या. जावई तिथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल तर त्यालाही हाच नियम लागतो, आणि विकत घेताना दुकानदार कागद मागेल.

आयोवात १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्यांना शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. तुम्ही सुटलात, जावई नाही.

धंतोलीचे_काका
ग्रीन कार्ड आहे. प्रशिक्षणाचं ऐकून तो जरा नाराज होईल, पण मी बाजूला बसून ऐकेन म्हणतो. आमची ही मात्र विचारते, मारलेलं पाखरू शिजवायचं कोणी?

तर्री_पोहा
काकू, सावजी मसाला घेऊन जा. फेझंटला चरबी नसते, कोरडं होतं, तर्री जरा जास्त ठेवा.

धंतोलीचे_काका
डॉक्टरांशी बोललो. "हलकं असेल तर चालेल, पण आधी तीन आठवडे व्यायाम, आणि दिवसाला मोजके बार," असं म्हणाले. जावयाने शनिवारी रेंजवर भाड्याने तीन बंदुका चालवून पाहिल्या. हलकी २० बोअर दुनळी, तीच गॅसवाली २० बोअर, आणि मित्राची जड १२ बोअर, २४ ग्रॅमच्या काडतुसाने. हलक्या दुनळीने पंधराव्या बारानंतर त्याने स्वतःच नको म्हटलं. बाकी दोन्ही आवडल्या. आता ११०० बघतोय, १३ इंची दस्त्याची. त्याचे मित्र म्हणतात फेझंटला निदान २८ ग्रॅम हवेच. २० बोअरमध्ये २८ घेऊ की २४?

नेमबाज_ताई
ताटल्यांवर सराव २४ नेच. शेतात २८ न्या, तीही पहिल्या महिन्यानंतर, खांद्याने तक्रार केली नाही तर. पाखरू उठल्यावर दोन-चार बार उडवायचे असतात, तेवढ्यात फरक कळत नाही. रेंजवर शंभर बार उडवताना कळतो.

मेकॅनिकल_मास्तर
आणि ११०० घेतली की तिचा गॅसचा भाग दर सरावानंतर साफ करा. काजळी बसली की पिस्टन अडतो, काडतूस अर्धवट बाहेर येऊन लटकतं. हिवाळ्यात तेल अगदी पुसटसं, तिकडच्या थंडीत जाड तेल गोठल्यासारखं होतं.

वर्धारोडवाला
काका, केशरी टोपी-जाकीट इथून घेऊन जाऊ नका, तिकडचं चमकदार केशरी वेगळं असतं आणि फेझंटच्या शिकारीला ते अंगावर असणं सक्तीचं आहे. जावयाला दोन घ्यायला सांगा. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी उघडतो, १० जानेवारीपर्यंत चालतो. तुम्ही पोचाल तेव्हा मका कापून झालेला असेल, पाखरं कडेच्या गवतात येतात, नवशिक्याला तेच बरं.